जव्हार-मोखाड्याचा रस्ता

जव्हारच्या बाजारांत एखाद्या वृद्ध गृहस्थाला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६०-ए कोठें आहे असें विचारलें, तर तो क्षणभर घोटाळ्यांत पडेल. पण 'त्र्यंबकचा रस्ता कोणता?' म्हणतांच तो एकीकडे बोट दाखवील, आणि 'मनोरचा रस्ता?' म्हणतांच दुसरीकडे. दोनही वेळां बोट एकाच रस्त्याकडे असतें. घोटीकडून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड व मनोर ह्या गांवांवरून पालघरकडे उतरणाऱ्या ह्या मार्गाला सरकारी दप्तरांत कैक वर्षें राज्य महामार्ग ही पदवी होती. आतां ती वाढून राष्ट्रीय महामार्ग अशी झाली आहे. त्यांतला जव्हार ते मोखाडा हा तुकडा वीस-पंचवीस किलोमीटरांहून अधिक नाहीं. एवढ्याशा अंतराला इतिहास तो कसला, असें श्रोत्यांना वाटणें साहजिक आहे. परंतु ह्या एका तुकड्याच्या दोहों बाजूंस दोन राज्यें नांदून गेलीं, आणि त्याच्यापासून दोन-तीन मैलांवर राहणाऱ्या माणसांच्या जिवाचा प्रश्न अद्यापि त्याच्याशीं बांधलेला आहे.

रस्त्याचा इतिहास पाहावयाचा तर आधीं जमिनीचा उतार पाहिला पाहिजे. मनोर हें सखल कोंकणपट्टींतलें गांव. तेथून पूर्वेस निघालें कीं विक्रमगडपर्यंत चढ फारसा जाणवत नाहीं. (विक्रमगडाचें जुनें नांव कुडाण.) त्यापुढें मात्र रस्ता वळणें घेऊं लागतो, आणि जव्हारला पोहोंचेपर्यंत प्रवासी समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार फुटांवर आलेला असतो. त्र्यंबक तर दोन हजार फुटांच्याही वर आहे. कसाऱ्याच्या थळ घाटांत जो चढ एका दमांत चढावा लागतो, तो येथें दोन टप्प्यांत विभागला गेला आहे. पहिला टप्पा जव्हारच्या पठाराचा, दुसरा मोखाड्यापुढील तोरंगण घाटाचा. लादलेल्या बैलाला आणि डोक्यावर ओझें घेतलेल्या माणसाला ही मधली सपाटी मोठ्या मोलाची वाटत असली पाहिजे.

पाण्याच्या वाटाही ह्या मुलुखांत पाहण्यासारख्या आहेत. देहर्जा आणि पिंजाळ ह्या नद्या वैतरणेला जाऊन मिळतात. वाघ आणि लेंढी ह्या उत्तरेकडे वळून दमणगंगा गांठतात. आणि त्र्यंबकापाशीं तर सह्याद्रीचा पाणलोटच दुभंगतो. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी पूर्वसमुद्राकडे जाते, आणि त्याच डोंगरांच्या आसपास निघालेली वैतरणा पश्चिमसमुद्राकडे. पालघरच्या किनाऱ्यावरून निघालेला माणूस ह्या रस्त्यानें एका दिवसांत, आतां तर कांहीं तासांत, एका समुद्राच्या खोऱ्यांतून दुसऱ्याच्या खोऱ्यांत जातो.

जव्हारच्या मुकणे घराण्याच्या मूळ पुरुषाविषयीं एक कथा सांगतात. त्यानें एका नाईकापाशीं बैलाच्या कातड्याखालीं मावेल एवढीच जमीन मागितली. ती कबूल होतांच कातड्याच्या बारीक वाद्या काढल्या, त्या एकमेकींस जोडल्या आणि त्या वेढ्यांत आला तेवढा मुलूख आपला म्हटला. हीच कथा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील कार्थेज नगराच्या डायडो राणीविषयींही सांगतात. तेव्हां इतिहास म्हणून तिचें मोल बेताचेंच. इ. स. १३४३ मध्यें ह्या महादेव कोळी घराण्यांतील नीमशहा याला दिल्लीच्या सुलतानानें राजा म्हणून मान्य केलें, अशी संस्थानची परंपरा आहे. राजांच्या नांवापुढें 'शहा' हा शब्द येतो तो तेव्हांपासूनचा.

ह्या डोंगरी राज्याकडे बाहेरच्या सत्तांची नजर वळली ती त्याच्या संपत्तीपेक्षां त्याच्या वाटेमुळें अधिक. नाशिक-त्र्यंबककडून सुरतेवर जावयाचें, तर जव्हारवरून जाणारी रानवाट जवळची आणि आडोशाची होती. इ. स. १६६४ च्या जानेवारींत शिवाजीमहाराजांनीं सुरत लुटली. त्या स्वारीवर जातांना ते जव्हारास थांबले आणि राजा विक्रमशहानें त्यांचें स्वागत केलें, असें जव्हारकर अभिमानानें सांगतात. शहराजवळचा शिरपामाळ हें त्या भेटीचें ठिकाण म्हणून दाखविण्यांत येतें. तेथें शिरपेचाचा मान झाला म्हणून माळाला तें नांव, अशी समजूत आहे. आठ वर्षांनीं मात्र हा स्नेह उरला नव्हता. १६७२ च्या जूनमध्यें मोरोपंत पिंगळ्यांनीं जव्हार काबीज केलें, मोठा खजिना त्यांच्या हातीं लागला आणि विक्रमशहाला मोगली मुलुखांत आश्रय शोधावा लागला. पाठोपाठ रामनगरची पाळी आली. जव्हार, रामनगर, सुरत हीं तीन नांवें नकाशावर दक्षिणेकडून उत्तरेकडे वाचलीं म्हणजे त्या मोहिमेचा हेतु निराळा सांगावा लागत नाहीं.

पुढें सुरतेचा व्यापार मुंबईकडे ओढला गेला आणि वाटेचें जुनें महत्त्व ओसरूं लागलें. त्याला शेवटचा धक्का दिला तो आगगाडीनें. समुद्रकांठानें मुंबई-सुरत लोहमार्ग १८६४ मध्यें सुरू झाला. थळ घाट चढून दुसरा लोहमार्ग १८६५ मध्यें इगतपुरीला पोहोंचला. एक गाडी पालघर-डहाणूवरून, दुसरी कसाऱ्यावरून. दोहोंच्या मधला डोंगराळ प्रदेश दोहोंनींही टाळला. ज्या वाटेनें एके काळीं फौजा गेल्या, त्या वाटेवर आतां सागाचे ओंडके, कोळसा आणि डिंक-मध घेऊन उतरणारे लोक तेवढे उरले.

इंग्रजी अमलांत ह्या रस्त्याला आणखी एक विचित्र अवस्था प्राप्त झाली. जव्हार हें सुमारें ३१० चौरस मैलांचें संस्थान. आणि शेजारचा मोखाडा हा खालसा मुलुखांतला, ठाणें जिल्ह्यांतील शहापूर तालुक्याचा पेटा. पंधरा मैलांच्या आंत दोन अंमल! एकीकडचा रस्ता दरबारानें करावयाचा, दुसरीकडचा सरकारनें. जंगलाचे नियम निराळे, फौजदार निराळा, कचेरी निराळी. वस्तुतः दोहोंकडे माणसें तींच: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. सोयरीक इकडून तिकडे होई, बाजाराला माणसें इकडून तिकडे जात. जव्हार शहराला १९१८ मध्यें नगरपालिका मिळाली. राजे यशवंतराव मुकणे ह्यांच्या कारकीर्दींत जयविलास राजवाडा उभा राहिला. राजधानी म्हटली म्हणजे चार चांगल्या इमारती, दवाखाना, शाळा आणि तेथवर येणारा बरा रस्ता हें ओघानेंच येतें. मोखाडा मात्र आपल्या तालुक्याच्या कचेरीपासूनही दूर, डोंगराच्या कोपऱ्यांत पडलेला. दोन गांवांच्या सुबत्तेंत आजही जो फरक दिसतो, त्याचें मूळ जमिनीच्या प्रतींत नसून ह्या जुन्या सीमेंत आहे, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

ह्याच काळांत रस्त्यांचा विचार देशभर नव्यानें होऊं लागला होता. मोटारी वाढल्या, आणि रस्ते ही केवळ जिल्ह्याची बाब आहे ही समजूत पुरेनाशी झाली. १९२७ मध्यें ह्या प्रश्नासाठीं जी समिति नेमण्यांत आली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे होते. पेट्रोलवर जादा कर बसवून तें उत्पन्न रस्त्यांसाठीं निराळें ठेवावें, ही त्या समितीची मुख्य सूचना. तदनुसार १९२९ मध्यें मध्यवर्ती रस्तानिधि स्थापन झाला. १९४३ च्या डिसेंबरांत प्रांतोप्रांतींचे मुख्य इंजिनीअर नागपूर येथें जमले. त्यांनीं रस्त्यांची जी उतरंड ठरविली तीच थोड्याफार फरकानें अजून चालू आहे. सर्वांत वर राष्ट्रीय महामार्ग. त्याखालीं प्रांतिक महामार्ग, ज्यांना पुढें राज्य महामार्ग म्हणूं लागले. मग प्रमुख व इतर जिल्हा मार्ग. आणि शेवटीं खेड्याचा रस्ता. मुंबई राज्याच्या १९५५ च्या महामार्ग कायद्यानें ह्या वर्गवारीला कायद्याचा आधार मिळाला.

नागपूरच्या योजनेंत एक माप सांगितलें होतें. चांगल्या शेतीच्या मुलुखांत कोणतेंही खेडें हमरस्त्यापासून पांच मैलांहून अधिक दूर नसावें. माप वाईट नव्हतें. पण मोखाड्याच्या उतारावर नागली, वरई आणि खुरासणी पिकते. ह्या जमिनीला चांगल्या शेतीचा मुलूख कोण म्हणणार? शिवाय मैल मोजावयाचे ते नकाशावर कीं पायांनीं, हाही प्रश्न आहेच. मध्यें एक ओहोळ आडवा असला म्हणजे पावसाळ्यांत दोन मैलांचे दहा होतात.

१९४८ मध्यें जव्हार संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि ठाणें जिल्ह्याचा तालुका बनलें. दोन अंमलांमधली सीमा पुसली गेली, आणि रस्ता प्रथमच एका हाताखालीं आला. त्याच वर्षीं १ जूनला पुणें-अहमदनगर मार्गावर सरकारी मोटारसेवेची पहिली गाडी निघाली. पुढें त्या एस. टी.चें एक आगार जव्हारला झालें आणि नाशिक, पालघर, डहाणू ह्या दिशांना गाड्या सुटूं लागल्या. १९६२ मध्यें जिल्हा परिषदा आल्या, तेव्हां कामाची वांटणी झाली ती अशी कीं, राज्य महामार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, आणि इतर जिल्हा मार्ग व खेड्यांचे रस्ते परिषदेकडे. वरवर पाहतां ही सोयीची वांटणी. तिचा परिणाम असा झाला कीं, वरच्या वर्गाच्या रस्त्याला नियमित पैसा आणि निष्णात इंजिनीअर मिळतो. खालच्या वर्गाचा रस्ता मात्र जेथें सर्वांत अवघड जमीन आहे तेथेंच सर्वांत तुटपुंज्या पैशांत करावा लागतो.

महामार्गाच्या क्रमांकाचा अर्थही येथें सांगून टाकणें बरें. २०१० मध्यें राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक देण्यांत आले. सम आंकडा उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्याचा, विषम आंकडा पूर्व-पश्चिम जाणाऱ्याचा. तीन आंकडी क्रमांक असला म्हणजे ती शाखा समजावयाची, आणि तिचे शेवटचे दोन आंकडे मूळ रस्त्याचे. धुळें-नाशिक-पुणें हा ६० क्रमांकाचा मार्ग. त्याची शाखा १६०. आणि तिलाही फुटलेली डहाळी ती १६०-ए. झाडाच्या उपमेंत सांगावयाचें तर जव्हार-मोखाडा हें डहाळीवरलें पान झालें.

जव्हार शहरांत शिरल्यावर हा महामार्ग महामार्गासारखा राहत नाहीं. कोणत्याही डोंगरी गांवाच्या रस्त्यासारखा होतो. एस. टी. स्थानक, पाचबत्ती नाका, बाजाराकडे जाणारी गर्दी, रस्त्याच्या कडेला भाजीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका, आणि मधूनच खडीनें भरलेला मालट्रक. येथें रस्त्याचा मालक एक आणि कडेचा मालक दुसरा. डांबर सरकारच्या खात्याचें. गटार, दिवे आणि फेरीवाले नगरपालिकेचे. गटार तुंबलें म्हणजे पाणी डांबरावर येतें, आणि मग तें कोणाचें ह्याविषयीं पत्रव्यवहार होतो. हा अनुभव एकट्या जव्हारचा नव्हे.

पाण्याचा उल्लेख आलाच आहे, तर ह्या भागांतले रस्ते इतक्या लवकर कां उखडतात हेंही समजून घेतलें पाहिजे. लोक दोष गाड्यांना देतात. गाड्यांचा भार खराच, परंतु डांबरी रस्त्याचा पहिला शत्रु पाणी होय. येथें वर्षाकाठीं शंभर इंचांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत. डोंगर कापून रस्ता केला म्हणजे डोंगराच्या अंगाला चर ठेवावा लागतो. वरची माती घसरून तो चर बुजला कीं पाणी रस्त्यावरून वाहूं लागतें, डांबराच्या बारीक चिरांतून खालच्या खडींत व मुरमांत मुरतें, मुरूम लोण्यासारखा मऊ होतो, आणि मग पहिल्याच जड चाकाखालीं पृष्ठभाग खचतो. एक खड्डा पडला कीं त्यांत सांठलेलें पाणी दुसरा पाडतें. म्हणून अनुभवी मुकादम पावसाळ्यापूर्वी डांबरापेक्षां चर आणि मोऱ्या साफ करण्याची घाई करतो. तोरंगण घाटांत तर वळणें आणि दरडी ह्यांची भर पडते. तेथें अपघात वारंवार होतात, आणि धुक्याच्या दिवसांत गाडीवान दिवे लावून पावलापावलानें उतरतो.

ह्या रस्त्यावर कोण चालतें? पौषांत निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरीं जाणाऱ्या दिंड्या चालतात. टाळांचा आवाज थंडींत दुरून ऐकूं येतो. उन्हाळ्याच्या तोंडाला मोखाड्याचा बोहाडा भरतो, तेव्हां देवादैत्यांचे रंगीत मुखवटे चढवून रात्रभर सोंगें नाचतात आणि आसपासच्या पाड्यांतलीं माणसें तीं पाहावयास लोटतात. परंतु सर्वांत मोठा प्रवास निराळाच आहे. भात-नागलीची कापणी आटोपली, दिवाळी झाली, कीं पाडे रिकामे होऊं लागतात. भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर कुटुंबेंच्या कुटुंबें निघतात: भांडीं, कोंबड्या, तान्हीं मुलें, सगळें बरोबर. ह्या जाण्याला येथल्या लोकांनीं शब्द योजला आहे तो 'जगायला जाणें'. मजुरीला जाणें नव्हे, कामाला जाणें नव्हे. पुष्कळदां मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत येतांना ती फिटलेली असतेच असें नाहीं. घरीं शाळेंत असलेलें मूल सहा महिने शाळेबाहेर जातें तें ह्याच रस्त्यानें.

माणसांप्रमाणें पाणीही येथून मुंबईला जातें. मात्र त्याची वाट अधिक चांगली बांधलेली आहे. वैतरणेवर मोडकसागर १९५७ मध्यें, वरचें वैतरणा धरण १९७३ मध्यें, आणि मधलें वैतरणा धरण २०१४ मध्यें झालें. हें मधलें धरण मोखाडा तालुक्यांतल्या कोचाळे गांवाजवळ असून त्याची उंची शंभर मीटरांहून अधिक आहे. त्यांतून मुंबईला रोज सुमारें ४५ कोटि लिटर पाणी मिळूं शकतें. आणि त्याच तालुक्यांत चैत्र-वैशाखांत पाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहत बायका हंडे मांडून बसतात. टँकर येतो तोही रस्ता असेल तेथवरच. पुढें विहिरींत पाणी ओतलें जात नाहीं. पुढें डोक्यावरचा हंडा.

१९९२-९३ सालीं जव्हार तालुक्यांतल्या वावर-वांगणीच्या परिसरांत शंभराहून अधिक बालकें भूक आणि रोग ह्यांनीं दगावलीं, तेव्हां सारा महाराष्ट्र हादरला. मंत्री आले, वृत्तपत्रांचे बातमीदार आले, आणि त्यांच्या मोटारी जेथवर जाऊं शकल्या तेथवरच आले, असें म्हटलें तर तें अगदींच खोटें ठरणार नाहीं. त्यानंतर पुष्कळ कांहीं झालें. जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी आली, आरोग्य पथकें वाढलीं, रस्ते मंजूर झाले. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्हा विभागून पालघर जिल्हा झाला. जिल्ह्याचें ठाणें जव्हारास असावें ही येथल्या लोकांची जुनी मागणी होती, पण तें गेलें आगगाडीवरच्या पालघरला. एका परीनें १८६४ सालच्या लोहमार्गानेंच हा निकाल देऊन ठेवला होता.

मग अडतें कोठें? तर महामार्गापासून पाड्यापर्यंतच्या शेवटच्या दोन-तीन मैलांत. २००० सालच्या डिसेंबरांत सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा मूळ नियम असा होता कीं, सपाटीवर पांचशें आणि डोंगराळ व आदिवासी भागांत अडीचशें लोकवस्ती असेल त्या ठिकाणीं बारमाही रस्ता करावा. मोखाड्यांत महसुली गांव म्हणजे पुष्कळदां डोंगराच्या सोंडांवर विखुरलेले आठ-दहा पाडे. एकेका पाड्यांत तीस-चाळीस घरें, म्हणजे दीडदोनशें माणसें. गांव नियमांत बसतें, पाडा बसत नाहीं. आणि गांवाच्या नांवाचा रस्ता मधल्या एका पाड्याशीं संपतो. पुढची जमीन बहुधा वनखात्याची. तेथें मुरूम टाकावयाचा तरी परवानगी हवी. २००६ च्या वनहक्क कायद्यानें ही अडचण कांहींशी सोडविली आहे. ग्रामसभेची शिफारस असेल, जागा एक हेक्टरपेक्षां कमी असेल आणि हेक्टरीं पंचाहत्तरांहून अधिक झाडें तोडावीं लागणार नसतील, तर रस्ता, शाळा, दवाखाना अशा कामांना वनजमीन देतां येते. ही तरतूद ज्या ग्रामसभांना ठाऊक झाली त्यांनीं तिचा उपयोग केला आहे. पुष्कळांना ती अजून कोणी सांगितलेली नाहीं.

२०२२ च्या ऑगस्टांत मोखाडा तालुक्यांतल्या अशाच एका पाड्यावर एक बाई अपुऱ्या दिवसांची प्रसूत झाली. जुळीं मुलें वांचलीं नाहींत. तिला झोळींत घालून, निसरड्या वाटेनें सुमारें तीन किलोमीटर चालत, माणसांनीं मोटारीच्या रस्त्यावर आणलें. ही हकीकत वृत्तपत्रांत आली म्हणून बाहेर समजली. पाड्यांत झोळी करण्याची रीत जुनी आहे. मजबूत बांबू, घोंगडी किंवा चादर, पुढें दोन मागें दोन, आणि खांदा बदलावयास आणखी चौघे. पावसाळ्यांत ओहोळाला पाणी असलें तर काठावर थांबावयाचें आणि पाणी उतरण्याची वाट पाहावयाची. ओहोळ ओलांडला कीं फरशीचा पूल, मग खडीचा रस्ता, मग डांबर. तेथें १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका उभी असते, किंवा येणार असते. ती जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयांत नेते. तेथें इलाज नसला, तर रुग्णाला पुन्हां गाडींत घालून मोखाड्यावरून, तोरंगण घाटानें, त्र्यंबकवरून नाशिकला न्यावयाचें. तें अंतर सुमारें ऐंशी किलोमीटर. घाटांत धुकें नसलें, दरड नसली, तर गाडी तें अडीच तासांत कापते. झोळीच्या तीन किलोमीटरांनाही कधीं कधीं तेवढाच वेळ लागलेला असतो.